एकावन्न तासांचे कुलूप

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इंग्लंडमधील कुलूपकारांची सारी भिस्त अडथळ्यांवर होती. कुलपाच्या पोटात धातूच्या कडा अशा बसवल्या जात की ज्या किल्लीच्या पात्याला त्या कडांशी जुळणाऱ्या खाचा असतील तीच किल्ली फिरावी. परंतु पात्याचा टोकाकडील, प्रत्यक्ष बोल्ट सरकवणारा भाग तेवढा ठेवून बाकीचे सारे कापून काढले, की तयार होणारी सडपातळ किल्ली त्या सर्व अडथळ्यांना वळसा घालून आत जाई, आणि ही गोष्ट चोरांना कुलूपकारांइतकीच ठाऊक होती. १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन याने या रचनेला निराळे वळण दिले. त्याच्या कुलपात बोल्ट अडवून धरणाऱ्या पट्ट्या, म्हणजेच लिव्हर, किल्लीने नेमक्या उंचीपर्यंत उचलाव्या लागत. थोड्या कमी उचलल्या तरी बोल्ट अडे आणि थोड्या जास्त उचलल्या तरी अडे. आज घराघरांत असणाऱ्या लिव्हरच्या कुलपांचे मूळ या साध्या कल्पनेत आहे.

त्यानंतर सहा वर्षांनी, १७८४ मध्ये, जोसेफ ब्रामा याने ज्या कुलपाचे पेटंट घेतले त्यात लिव्हरऐवजी दंडगोलात उभ्या बसवलेल्या सरकत्या पट्ट्या होत्या. नळीसारख्या किल्लीच्या टोकाला कमी-अधिक खोलीच्या खाचा असत. किल्ली आत दाबली की प्रत्येक पट्टी आपापल्या खाचेच्या मापाने खाली जाई, आणि सर्व पट्ट्यांवरील कापे एका पातळीत आले तरच दंडगोल फिरे. लंडनमधील पिकाडिली रस्त्यावरील ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत या जातीचे १८ पट्ट्यांचे एक कुलूप, ते किल्लीवाचून उघडणारे साधन बनवणाऱ्यास २०० गिनी देण्याच्या जाहीर आव्हानासह, कित्येक दशके मांडलेले होते. ते घडवण्यात हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराचा हात होता, जो पुढे अचूक यंत्रहत्यारांच्या निर्मितीत अग्रगण्य ठरला. आव्हानाच्या या पाटीत व्यापारी जाहिरातीचा भाग मोठा होता, हे उघडच आहे. मात्र ती इतकी वर्षे टिकल्यामुळे ग्राहकांच्या मनात अभेद्यतेची खात्री रुजली हेही तितकेच खरे.

दुसरे प्रतिष्ठित कुलूप चब घराण्याचे. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत १८१७ मध्ये बनावट किल्ल्या वापरून चोरी झाल्यावर सरकारने स्वतःच्या किल्लीशिवाय न उघडणाऱ्या कुलपासाठी १०० पौंडांचे बक्षीस लावले, आणि १८१८ मध्ये जेरेमाया चब याने ‘डिटेक्टर’ कुलूप पुढे आणले. यात बॅरनचे लिव्हर तर होतेच, पण कोणताही लिव्हर गरजेपेक्षा जास्त उचलला गेला की एक खटका पडून कुलूप जाम होई. मालकाने किल्ली घातल्यावर ती फिरली नाही म्हणजे कोणीतरी छेडछाड केली हे त्याला कळे, आणि खटका सोडवल्यावर कुलूप पुन्हा चालू होई. गलबतावरील तुरुंगात असलेल्या, पेशाने कुलूपकार असणाऱ्या एका कैद्याला हे कुलूप उघडल्यास माफीचे आमिष दाखवण्यात आले. दोन-तीन महिने खटपट करून त्याने हात टेकले.

या पार्श्वभूमीवर १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेसचे जागतिक प्रदर्शन भरले, आणि न्यूयॉर्कच्या डे अँड न्यूवेल या कंपनीची कुलपे घेऊन आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स तेथे आला. त्याने २२ जुलै रोजी वेस्टमिन्स्टरमधील ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरील एका घरात, तिजोरीच्या खोलीच्या दारावर बसवलेले चबचे कुलूप साक्षीदारांसमक्ष २५ मिनिटांत उघडले आणि ७ मिनिटांत पुन्हा बंदही केले. नंतर ब्रामाच्या खिडकीतील कुलपाकडे वळून, एका पंचमंडळाच्या देखरेखीखाली, १६ दिवसांत विभागलेल्या एकूण ५१ तासांच्या कामानंतर त्याने तेही उघडले.

त्याच्या पद्धतीचे मर्म सांगण्यास सोपे आहे. बोल्टवर सतत हलका दाब ठेवला असता सर्व लिव्हर एकाच वेळी घट्ट धरले जात नाहीत, कारण हाताने घासून बसवलेल्या भागांत केसाएवढा का होईना फरक राहतोच. म्हणून एखादा लिव्हर आधी अडतो, तो योग्य उंचीला नेला की बोल्ट किंचित सरकून दुसऱ्यावर टेकतो, आणि अशा रीतीने १८ पट्ट्यांच्या कोट्यवधी संभाव्य मांडण्यांचा प्रश्न एकामागून एक सुटणाऱ्या १८ लहान प्रश्नांमध्ये विभागला जातो. चबच्या कुलपात तर पहारेकरीच फितूर झाला असे म्हणावे लागेल : लिव्हर जास्त उचलल्याची वर्दी देणारा खटका हॉब्सला त्याची नेमकी मर्यादा सांगत होता. ब्रामाच्या कुलपात या युक्तीवर उतारा म्हणून पट्ट्यांवर फसवे, अर्धवट कापे ठेवण्याची सुधारणा १८१७ सालीच झालेली होती, आणि ५१ तासांपैकी बराच वेळ अशा डावपेचांनी खाल्ला असावा. आजच्या उच्च सुरक्षेच्या कुलपांत मधोमध कंबर काढलेल्या ज्या पिना असतात, त्यांचा हेतूही तोच असतो : पीन जागेवर बसल्याचा खोटा भास निर्माण करून उघडणाऱ्याला चकवायचे.

ब्रामा कंपनीने असा आक्षेप घेतला की कुलूप लाकडी चौकटीत पक्के करून, दाब कायम ठेवणारी उपकरणे त्याला जोडून, दिवसचे दिवस निवांत काम करण्याची सवलत कोणत्या चोराला मिळते? पंचांनी निर्णय हॉब्सच्या बाजूने दिला आणि २०० गिनी त्याला मिळाल्या. तरीही आक्षेप पोकळ नव्हता, उलट त्यात प्रश्नाची खरी मांडणी दडलेली होती, कारण ज्या क्षणी कंपनीने वेळेचा आणि निवांतपणाचा मुद्दा काढला त्या क्षणी तिने अभेद्यतेचा दावा सोडून ‘किती वेळ टिकते’ हे माप मान्य केले. दुसरा आक्षेप अधिक भाबडा होता. कुलपांतील उणिवा जाहीर केल्याने चोरांना शिक्षण मिळते, असे म्हणणाऱ्यांना चार्ल्स टॉमलिन्सन याने संपादित केलेल्या आणि १८५३ मध्ये निघालेल्या कुलूपबांधणीवरील पुस्तकात उत्तर मिळाले : धंदेवाईक चोर हे सारे आधीच जाणतात, अंधारात राहतो तो सामान्य ग्राहक. संगणकीय सुरक्षेच्या क्षेत्रात हा वाद आजही जवळपास त्याच मुद्द्यांवर चालतो.

हॉब्सने लंडनमध्येच कारखाना काढला आणि यंत्रांवर कुलपे बनवण्यास प्रारंभ केला. त्याच्या पद्धतीला खाद्य पुरवत होता तो हस्तकामातील फरक, तेव्हा तो फरक यंत्राने कमी करणे हे त्याच्या शोधातूनच निघणारे पाऊल होते. त्याची स्वतःची कुलपेही या तर्कातून सुटली नाहीत. डे अँड न्यूवेलच्या ज्या कुलपाचा गाजावाजा झाला तेच लायनस येल या दुसऱ्या अमेरिकनाने काही वर्षांतच उघडून दाखवले. येलने १८६१ आणि १८६५ मध्ये पिनांच्या, सपाट किल्लीच्या कुलपाची पेटंटे घेतली, आणि तीच रचना पुढे जगभरच्या दारांवर बसली.

मुंबईत हा इतिहास येलच्या वाटेने आला त्याहून अधिक चबच्या वाटेने आला. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपांचे उत्पादन सुरू केले, आणि त्या कंपनीने १९५४ मध्ये बाजारात आणलेले नऊ लिव्हरचे ‘नवताल’ कुलूप बॅरन आणि चब यांच्या परंपरेतलेच आहे. दुकानात कुलूप घेताना ग्राहक आजही आधी लिव्हर किती ते विचारतो. संख्या वाढली की उघडणाऱ्याचे कष्ट वाढतात हे खरेच, परंतु हॉब्सच्या हिशेबाने पाहिल्यास सैलसर बसवलेल्या नऊ लिव्हरपेक्षा घट्ट मापाचे सहा लिव्हर अधिक वेळ घेऊ शकतात, आणि ते माप कुलपाच्या वेष्टनावर छापलेले नसते.