ऐदी कोण?

माणसाची जात काढणारे गावोगाव आहेत. आपण आज एका शब्दाची जात काढू. शब्द आहे ऐदी.

आमच्या जालना जिल्ह्यात हा शब्द कुणाला चिकटतो? रोजगार हमीच्या कामावर घटकाभर टेकलेल्या बाईला. वेठीला नाही म्हणाला म्हणून माझ्या आज्यालाही चिकटला होता. वाड्यात लोडाला टेकून पान चघळणाऱ्याला मात्र नाही. तो खाऊनपिऊन सुखी!

मूळ शब्द अहदी. अरबीत अहद म्हणजे एक. अकबराच्या फौजेतले हे सुटे स्वार, कुण्या मनसबदाराच्या हाताखाली नाहीत, थेट बादशहाचे चाकर. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त त्यांची वेगळी नोंद केलीय. कित्येकांना महिना ५०० रुपयांहून जास्त पगार. हाच अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला, असं गॅझेटिअर सांगतं. लढाई नसली की अहदी बसून खायचे. सारा थकला की त्यांना वसुलीला धाडायचे. ते दारात ठाण मांडायचे, पैसा घेतल्याबिगर उठायचे नाहीत. म्हणून अहदी म्हणजे आळशी, असं कोशकार सांगतात.

म्हणजे ऐदी हे भरपगारी बसणाऱ्याचं नाव! बादशाही गेली, अहदी गेले, शब्द तेवढा राबणाऱ्याच्या कपाळी आला. कारण नावं ठेवणारं तोंड वाड्यातलं.

१९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. जहागिरी मोडल्या १९४९ ला. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, अंमलदाराचं ओझं वाहा, सगळं महाराच्या माथी. बदल्यात बलुतं आणि शिळा तुकडा. तिकडं इंग्रजी मुलखातल्या महार वतनावर बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं. १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन'मध्ये तर त्यांनी दुखण्यावरच बोट ठेवलं. जे काम जन्मानं लादलं, ज्यानं माणूस हलका ठरतो, त्यात मन कसं रमेल? ते टाळावंसंच वाटणार. ह्याला आळस म्हणत नाहीत.

आजही मराठवाड्यातून कोयत्याच्या जोड्या ऊसतोडीला जातात. दुखण्यानं एक दिवस पडलं तर खाडा कापतात. बसायची सोयच नाही, तिथं ऐदीपणा कुठला?

तेव्हा दोस्तांनो, हा शब्द पुन्हा कानावर आला तर नुसते चिडू नका. हिशेब मागा. कोण किती तास राबलं, कुणाला किती मिळालं, जमीन कुणाच्या नावावर? मग ऐदी कोण, ते आपोआप ठरेल.