'रामदास' बोट : कर्ता कोण?

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्येच्या तोंडावर गावी निघालेल्या चाकरमान्यांना घेऊन 'रामदास' ही आगबोट सकाळी ८च्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काशाच्या खडकाजवळ उसळत्या लाटांनी ती कलंडली. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली.

'वादळाने बोट बुडवली' हे वाक्य आपण सहज लिहितो. पण बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. मुंबई बंदरापासून काही मैलांवर एवढा अनर्थ घडूनही शहराला कित्येक तास त्याचा पत्ता नव्हता. पोहत किनाऱ्याला लागलेल्यांनीच ती वार्ता आणली. अनेकांना तारले ते मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी. लाटांनी बोट उलटवली हे खरे. मदतीचे मोलाचे तास मात्र लाटांनी हिरावले नव्हते.

२९ दिवसांनी देश स्वतंत्र झाला आणि इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत त्या वर्षाची ओळख तेवढीच उरली. 'रामदास'विषयी लिहिताना म्हणूनच केवळ वादळाला कर्ता करणारे वाक्य अपुरे मानावे. त्या वाक्यात माणसाची हयगय लपते आणि कोळ्यांचे उपकारही.