पोकरच्या टेबलावरील शिष्टाचार : चिप्स आणि वाद

लास वेगास येथे १९७० साली 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर' सुरू झाली आणि कालांतराने पोकर हा नियमबद्ध स्पर्धांचा खेळ बनला. तरीही प्रत्येक कॅसिनोचे नियम वेगळे असत. हा गोंधळ कमी करण्यासाठी २००१ साली 'टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन' ही संस्था स्थापन झाली. तिची नियमावली आज अनेक देशांतील स्पर्धांत प्रमाण मानली जाते.

पोकरमध्ये स्वतःचे पत्ते लपवावेत, हे उघडच आहे. चिप्स मात्र लपविता येत नाहीत. समोरच्याकडे किती चिप्स आहेत, यावरच खेळाडू किती रक्कम लावायची हे ठरवितो. म्हणून चिप्स मोजता येतील अशा नीट थप्प्यांत ठेवाव्या लागतात. दहा-दहाची वा वीस-वीसची थप्पी सोयीची. मोठ्या किमतीच्या चिप्स पुढे, सर्वांना दिसतील अशा ठेवणे बंधनकारक असते. रोख खेळात टेबलावरील चिप्स मध्येच खिशात घालता येत नाहीत, आणि डाव चालू असताना खिशातून नव्या काढून लावताही येत नाहीत.

खरा पेच उभा राहतो तो 'ऑल-इन'च्या वेळी. समजा, एकाने सर्व चिप्स लावल्या, डीलरने चुकून '१२ हजार' सांगितले आणि प्रतिस्पर्ध्याने 'कॉल' म्हटले. नंतर मोजणीत निघाले १७ हजार. कॉल करणारा हरला, तर त्याला सर्वसाधारणपणे पूर्ण १७ हजार द्यावे लागतात. कारण रक्कम नेमकी किती, हे पाहण्याची जबाबदारी त्याचीच मानली जाते. नवख्याला हा नियम जाचक वाटतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण मोठी चिप छोट्या चिप्सच्या मागे दडलेली होती असे आढळले, तर अधिकारी वेगळा निर्णय देऊ शकतो: चिप लपविणारा जिंकला, तर त्या चिपचे पैसे त्याला नाकारले जाऊ शकतात, हरला, तर 'ती चिप खेळात नव्हती' ही सबब चालेलच असे नाही. लपविणाऱ्याला दोन्हीकडून लाभ मिळू नये, हा त्यामागील न्याय.

चित्रपटांतला नायक 'तुझे शंभर घेतले, आणि वर पाचशे' असे म्हणत दोनदा चिप्स सरकवितो. खऱ्या टेबलावर हे चालत नाही. आधी 'कॉल' उच्चारले की तो कॉलच. नंतरची वाढ अग्राह्य. तोंडाने केलेली घोषणा बंधनकारक असते. काही न बोलता १००-२०० च्या डावात ५०० ची एकच चिप पुढे टाकली, तर तो २०० चा कॉल धरला जातो. वाढवायचे असल्यास आधी 'रेज' म्हणावे. चिप्स थेट मधल्या ढिगात भिरकावणे हाही अशिष्टपणाच, कारण मग कोणी किती टाकले हे कळतच नाही.

वाद झालाच, तर आवाज चढवू नये, चिप्सना हात लावू नये आणि पत्ते टाकून देऊ नयेत. 'फ्लोअर' म्हणून हाक मारावी. येणारा अधिकारी डीलरकडून घटनाक्रम ऐकतो आणि निकाल देतो. तो निकाल अंतिम असतो. हरकत मात्र वेळीच घ्यावी: पुढचा डाव सुरू झाला की आधीच्या डावाबद्दल दाद मागता येत नाही.

गोव्यात मांडवी नदीतील कॅसिनो जहाजांवर जाणाऱ्या आपल्याकडील मंडळींपैकी अनेकांनी हा खेळ संगणकावर शिकलेला असतो. (पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला.) पडद्यावर प्रत्येकाची रक्कम आपोआप दिसे आणि चुकीची बोली यंत्रच अडवी. प्रत्यक्ष टेबलावर ही दोन्ही कामे स्वतः करावी लागतात. तेव्हा कॉल करण्यापूर्वी डीलरला 'मोजून सांगा' म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. आणि मोजणी चालू असताना आपली नजरही त्या थप्पीवर असू द्यावी.