वास्तू जाते, चिरा उरतो

उतरविलेल्या वास्तूचा दगड पुन्हा कामास लावण्याची रीत गोमंतकास नवी नाही. जुन्या गोव्याच्या ऱ्हासाचा इतिहास हा एका अर्थी दगडांच्या स्थलांतराचाच इतिहास होय. रोगराईने ते नगर ओस पडत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयचे वास्तव्य पणजीस आले आणि १८४३ मध्ये पणजी राजधानी झाली. नव्या शहरास दगड हवा होता. जुने नगर मांडवीच्याच काठी, जलमार्गाने अगदी जवळ होते. सेंट पॉल महाविद्यालयाची जीर्ण इमारत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडण्यात आली व तिचे सामान पणजीच्या बांधकामास गेले. ऑगस्टिनियन मठाची घंटा आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये वाजू लागली.

हे साधले, याचे कारण त्या बांधकामाच्या जातीत आहे. जांभ्याचे चिरे चुन्यात बसविलेले असत. चुना चिऱ्यापेक्षा मऊ असल्यामुळे तो खरवडला की चिरा अखंड सुटे. सिमेंटची पकड मात्र विटेहूनही घट्ट असते. तेथे वीट फुटते, सांधा सुटत नाही. म्हणूनच आजच्या इमारतीचा राडारोडा सखल जागी व नदीकाठी टाकला जातो.

तथापि जुन्या रीतीचेही मोल द्यावे लागले. १८२० मध्ये पाडलेल्या व्हाइसरॉयच्या राजवाड्याचे आज केवळ एक प्रवेशद्वार उभे आहे. दगड वाचला, पण वास्तू गेली. यास्तव दुरुस्तीने टिकणारी वास्तू पाडू नये, हा पहिला विवेक होय.

पाडणे अटळच झाले, तर आधी वेगळे करणे हा दुसरा. भारत सरकारने २०१६ मध्ये याविषयी स्वतंत्र नियम केले. मोठ्या बांधकामांत काँक्रीट, माती, विटा व चुना-गिलावा, तसेच लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार वाटे निराळे ठेवणे त्यांनी बंधनकारक केले. त्याच वर्षीच्या भारतीय मानकाने साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत जाड खडी जुन्या काँक्रीटपासून दळून घेण्यास मान्यता दिली.

मठ, मंदिरे, पाठशाळा यांच्या जीर्णोद्धारात हा विचार विशेष अगत्याचा आहे. दारे, तुळया, कौले व चिरे पहारीचा पहिला घाव पडण्यापूर्वीच मोजून बाजूस काढावीत. एकदा सारे एकत्र मिसळले की द्रव्याचा राडारोडा होतो, आणि मागील पिढ्यांचे श्रम मातीत जातात.