तांबड्या रश्श्याशेजारी कुठली वाइन?

शिरोली एमआयडीसीत तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर वाइनवर बोलायला उभा राहतो, यात गंमत आहे हे मलाही कळतं. पण विषय तुमच्यातल्याच एका फाउंड्रीवाल्यानं दिला. परदेशी गिऱ्हाईक आलं होतं, जेवायला तांबडा-पांढरा होता, आणि पाहुण्यानं सहज विचारलं, याच्यासोबत कुठली रेड वाइन घेता? आमचे गृहस्थ गप्प. मला म्हणाले, "सर, कास्टिंगवर तासभर बोलतो मी, तिथं मात्र अडाणी ठरलो."

ही जी लाज आहे, ती एका गैरसमजावर उभी आहे. आपल्याला वाटतं, कुठल्या पदार्थाला कुठली वाइन याचे नियम भूमितीच्या प्रमेयासारखे कुणीतरी सिद्ध करून ठेवलेत. तसं नाही. त्यातला बराचसा भाग शेजाराचा इतिहास आहे.

फ्रान्समधली बोजोले ही वाइन घ्या. ती गामे नावाच्या काळ्या द्राक्षाची. 1395 साली बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड यानं हुकूम काढला, की गामेचे वेल उपटून टाका. हुकुमात त्या वेलाला चक्क बेइमान म्हटलंय! द्राक्ष बेइमान कसं असेल? शेतकऱ्याचा गुन्हा एवढाच, की गामे भरघोस पिकायचं म्हणून तो ते लावत होता, आणि ड्यूकला आपल्या पिनो न्वारच्या वाइनची पत सांभाळायची होती. गामेला खरा आसरा मिळाला तो दक्षिणेला, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर. तिथं ड्यूकचा अंमल नव्हता.

त्या टेकड्यांच्या खाली ल्योन शहर. रेशमाच्या मागांचं गाव, म्हणजे आपल्या इचलकरंजीचं थोरलं भावंड म्हणा. विणकर भल्या सकाळी भरपेट खायचे: सॉसेज, वजडी, डुकराच्या मांसाचे स्वस्त प्रकार. या न्याहारीला तिकडे माशों म्हणतात. तिच्यासोबत शेजारच्या टेकडीवरची हलकी, स्वस्त बोजोले. आज पुस्तकं सांगतात की बोजोले सॉसेजबरोबर छान लागते. लागतेच. पण ही जोडी कुणा पंडितानं जमवलेली नाही, कामगारांच्या भुकेनं आणि खिशानं जमवलीय. इथं रात्रपाळी सुटल्यावर मिसळीच्या गाड्यावर जी गर्दी होते, तिचीच ही जातकुळी.

आता आपल्याकडे या. ड्यूकनं हुकूम काढला तेव्हा कोल्हापुरात मिरचीच नव्हती. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगिजांबरोबर आली. म्हणजे ज्याला आपण परंपरागत म्हणतो तो तांबडा रस्सा त्या हुकुमाहून तरुण आहे. आणि महाराष्ट्रातली वाइन तर कालची. 1980 च्या दशकात श्यामराव चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रसाहाय्यानं ओमर खय्याम ही फसफसणारी वाइन काढली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन बाजारात आली 2000 साली. 2001 मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं. तुमच्याच एमआयडीसीनं नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि इथून जवळ पलूसला वाइन पार्क केले. तासगाव-पलूस भागातली द्राक्षं मात्र मुख्यतः खाण्याची आणि बेदाण्याची. वाइनला लहान मण्याची, जाड सालीची वेगळी जात लागते. तेव्हा पाहुण्याच्या प्रश्नाला आपल्याकडे पिढीजात उत्तर असणार कुठून?

शास्त्र अगदीच नाही असंही नाही. दारूच्या अंशानं मिरचीचा जाळ वाढतो, आणि रेड वाइनमधल्या टॅनिननं, म्हणजे तुरटपणानं, तोंड आणखी कोरडं पडतं. म्हणून ओकच्या पिंपात मुरलेली भारी कॅबरने तांबड्याबरोबर देणं म्हणजे महाग बाटली वाया घालवणं. बोजोलेसारखी कमी तुरट रेड, फ्रिजमध्ये जरा गार केलेली, सुक्या मटणाशी जमते. मी मुलीकडे पुण्यात करून पाहिलंय. घरी डॉक्टरांची परवानगी अर्ध्या पेल्याची, त्यामुळे माझा अनुभव तेवढाच धरा.

आणि मिरचीतला जो तिखट पदार्थ आहे तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. नारळाचं दूध, काजू, खसखस घातलेला पांढरा रस्सा ताटात कशासाठी असतो? तांबड्याची जोडी तिथंच, दुसऱ्या वाटीत ठेवलेली असते. पुढच्या खेपेला पाहुण्याला ती वाटी दाखवा, आणि बाटली सुक्या मटणाच्या वेळी उघडा. चला, आता प्रश्न घेऊ.