मालगुजारी तलाव

१. चुलबंद आणि वैनगंगा यांच्या खोऱ्यात, लाखांदुराच्या आसमंतात, धानाच्या बांध्यांच्या माथ्याशी जे तलाव दिसतात, ते मालगुजारांच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्यांपैकी पुष्कळसे मालगुजारीहून वयाने वडील आहेत, हे वाचकांनी अवश्य ध्यानी घ्यावे. कारण मध्यप्रांतात मालगुजारांस जमिनीचे स्वामित्व मिळाले ते इंग्रजांच्या १८६० नंतरच्या बंदोबस्तात, आणि कोहळी समाजाने या भागात जलाशय बांधण्यास प्रारंभ केला तो त्याच्या कितीतरी आधी, गोंड राजांच्या अमदानीत. तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन बहाल करण्याची चांद्याच्या दरबाराची रीत होती, असे परंपरा सांगते; ज्यांस हे सुचले त्यांची प्रज्ञा खरोखर वंदनीय होय. उताराचा कल हेरून घातलेली मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम आणि जादा पाणी वाहून नेणारा सांडवा, एवढ्याच सामग्रीवर, आश्विनात पावसाने दगा दिला असताही, निसवायला आलेले धान वाचत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात येऊन हे तलाव सरकारजमा झाले. गाळ उपसण्याची व पाळ राखण्याची गावकीची जुनी वहिवाट मात्र त्यानंतर अनेक ठिकाणी खंडित झाली. — संपादक