सरासरी त्वरण

ठरावीक कालावधीत वस्तूच्या वेगात झालेल्या बदलाला त्या कालावधीने भागले की सरासरी त्वरण मिळते. अंतिम वेगातून आरंभीचा वेग वजा करायचा आणि बाकीला काळाने भागायचे. एकक मी/से².

रीत सोपी असली, तरी वजाबाकी करताना दिशेचे भान हवे, कारण वेग ही सदिश राशी आहे. चेंडू २० मी/से वेगाने भिंतीवर आदळून १५ मी/से वेगाने उलट परतला, तर वेगातला बदल ५ मी/से नसतो. भिंतीकडची दिशा धन मानल्यास तो −१५ − २० = −३५ मी/से होतो. स्पर्श ०.०५ सेकंद टिकला असेल, तर सरासरी त्वरण −७०० मी/से² येते. विद्यार्थ्यांचे गुण बहुतेक या चिन्हापाशीच जातात. ऋण उत्तर म्हणजे वस्तू मंदावली असेच नव्हे. ऋण दिशेने निघालेल्या वस्तूचा वेग वाढत असतानाही त्वरण ऋण येते.

सरासरी काय दाखवते आणि काय झाकते, हे जॉन स्टॅप यांच्या चाचणीतून नेमके कळते. विमानातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकाचे शरीर किती सोसू शकते, हे शोधण्यासाठी अमेरिकी हवाई दलातील हे डॉक्टर स्वतःच रॉकेटगाडीत बसले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर गाडीने ताशी सुमारे १,०१७ किमी वेग गाठला आणि सुमारे १.४ सेकंदांत ती थांबली. ३.६ ने भागून हा वेग सुमारे २८२ मी/से होतो. म्हणून सरासरी त्वरण सुमारे −२०० मी/से², म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ वीसपट. प्रत्यक्षात मात्र एका क्षणी ते ४६ पटींवर गेले होते. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून स्टॅप यांची दृष्टी काही काळ गेली. शरीराला जाणवतो तो हा क्षणाक्षणाचा ताण. सरासरी फक्त दोन टोके पाहते.

वेग-काल आलेखावरील दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे सरासरी त्वरण. बिंदू जवळ आणत गेल्यास तात्कालिक त्वरण मिळते. त्वरण एकसमान असेल, तर दोन्ही सारखीच येतात. उतरणीवरून गोळे सोडून गॅलिलिओने अशाच गतीचा अभ्यास केला आणि १६३८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आरंभीच्या व अंतिम वेगांची बेरीज निम्मी करून सरासरी वेग काढण्याची रीतही अशा एकसमान त्वरणाच्या सरळ गतीसाठीच आहे. स्टॅप यांच्या गाडीला ती लावून थांबण्याचे अंतर काढल्यास ते अचूक येईलच असे नाही.